'ज्ञानप्रकाश'चे अंक वेळीच जपावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या वृत्तपत्रांचा विषय निघाला की बोलणे 'केसरी'पासून सुरू होते. 'केसरी'चे मोठेपण वादातीत आहे. परंतु १८८१ च्या जानेवारीत तो निघाला तेव्हा याच शहरात 'ज्ञानप्रकाश' जवळजवळ ३२ वर्षे चालू होता, याची आठवण आता फारशी कोणाला उरलेली नाही. निदान या पत्राच्या जुन्या अंकांची तरी हेळसांड थांबावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

१२ फेब्रुवारी १८४९ रोजी कृष्णाजी त्रिंबक रानडे यांनी 'ज्ञानप्रकाश' साप्ताहिक म्हणून सुरू केला. पेशवाई बुडून तेव्हा ३१ वर्षे झाली होती आणि दुसरे बाजीराव बिठूरला अजून हयात होते. म्हणजे ज्यांनी शनिवारवाड्यावरचे निशाण उतरताना पाहिले, अशी माणसे या पत्राच्या पहिल्या वाचकांत असणार. रेल्वे पुण्यात आली ती त्यानंतर नऊ वर्षांनी. १५ ऑगस्ट १९०४ पासून 'ज्ञानप्रकाश' दैनिक झाला आणि १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने तो चालवायला घेतला. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनीही काही काळ त्याचे संपादन केले. १९५१ मध्ये तो बंद पडला, तेव्हा त्याने वयाची शंभरी ओलांडलेली होती. जहालांच्या गावात मवाळांचे पत्र म्हणून त्याची उपेक्षा झाली, असे मला वाटते. शहराच्या इतिहासाच्या दृष्टीने ही उपेक्षा महागात पडणारी आहे, कारण अग्रलेख कोणत्याही पक्षाचा असो, सभांच्या सूचना, नाटकांच्या जाहिराती आणि पाण्यापासून रस्त्यांपर्यंतच्या तक्रारी यांतून गावाचा दिनक्रम जसा कळतो, तसा तो चरित्रग्रंथांतून कळत नाही.

गेल्या वर्षी एका ग्रंथालयात मी या पत्राच्या काही फाइली चाळल्या. बांधणी करताना कडा इतक्या आत कापल्या होत्या की प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर अंदाजाने वाचावे लागत होते. एक पान उलटताना घडीवरच तुटले आणि हातात राहिलेल्या तुकड्यावर एका नाटकाच्या प्रयोगाची वेळ आणि तिकिटाचे दर एवढेच उरले. नाटकाचे नाव दुसऱ्या तुकड्यावर होते आणि त्याचा तोवर भुगा झाला होता. त्याहून वाईट म्हणजे विसाव्या शतकातले अंक एकोणिसाव्या शतकातल्या अंकांपेक्षा अधिक जीर्ण झालेले दिसले. याचे कारण कागदात आहे. पूर्वीचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे आणि तो टिकतो. पुढे वृत्तपत्रांसाठी आलेला लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःतल्याच आम्लामुळे पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि अखेर हाताळण्याजोगा राहत नाही. 'ज्ञानप्रकाश' दैनिक झाल्यानंतरचे अंक नेमके याच कागदावरचे आहेत, आणि गोखल्यांच्या काळातले पुणे त्यांतच आहे.

तेव्हा ज्या ज्या ग्रंथालयांकडे या पत्राचे अंक आहेत, त्यांनी आपापल्या संग्रहाच्या याद्या तारखांसह जाहीर कराव्यात, म्हणजे कोणते अंक कोठे आहेत आणि कोणते कोठेच नाहीत हे एकदा स्पष्ट होईल. त्यानंतर दैनिकाच्या काळातील अंकांचे स्कॅनिंग आधी हाती घ्यावे आणि ते करताना घट्ट शिवलेल्या फाइली उलगडाव्यात. पाने दाबून सपाट करू नयेत. शहरातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरही सुटे अंक असण्याचा संभव आहे. वाडे पाडले जाताना असे कागद सर्वांत आधी रद्दीत जातात, म्हणून आपल्या वाचकांपैकी कोणाकडे असे अंक असल्यास त्यांनी ते जवळच्या ग्रंथालयाला निदान स्कॅनिंगपुरते तरी द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे