सायूस, लास्ट सीन बंद केल्यावर

प्रिय सायू,

रविवारी तू फोन ठेवलास त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहायला घेतलं होतं, पण तिथे मी टाइप करतोय हे तुला दिसतं आणि ते दिसतं म्हटल्यावर माझं लिहिणं अडतं, म्हणून मेल करतोय. आई म्हणाली पत्रासारखं लिहा, भाषण नको. बघू कसं जमतंय.

लास्ट सीन बंद केलंस ते केलंस, राग नाही. पण मी पहारा ठेवतो असं जे म्हणालीस ते लागलं. अगं सकाळचा चहा घेताना तुझा चॅट उघडायची सवय लागलीये, काल काय बोललो ते परत वाचतो, आणि नावाखाली सात पंचेचाळीस दिसलं की साडेचार तासांची वजाबाकी डोक्यात आपोआप होते, तुमच्याकडे जर्मनीत पहाटेचे सव्वातीन. एवढंच. झोपेचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय, तेव्हा तो इथेच सोडतो.

घरी सगळं ठीक. आजीने काठी परत कपाटामागे सरकवलीये, विचारलं की म्हणते सापडत नाही. ताईआत्याचे टाके निघाले. विलासकाकांकडे अजून कोणी जात नाही, आपणही नाही, तू मात्र त्यांना दिवाळीचा मेसेज केलास ते मला कळलं आणि बरं वाटलं.

टीव्हीमागचा तुझा डबा मंगळवारी बंद पडला होता. लाइट गेली, आली, लाल दिवा लागला पण हिरवा लुकलुकेना. तू भिंतीला चिकटवलेला कागद बघून पिन काढली, दहा आकडे मोजले, परत लावली, मग सुरू झाला. तुला तिकडे मधला तासभर कोराच दिसला असेल. आई म्हणते त्या रास्पबेरी पायला, म्हणजे तुझ्या त्या चिमुकल्या कॉम्प्युटरला, आता नैवेद्य तरी दाखवा, इतकं करताय त्याचं.

तो कागद अर्धवट सुटलाय म्हणून दुसरा आहे का शोधत होतो तर तुझी लांब रजिस्टरं हाती लागली. वाचली. तुझी वस्तू आहे, विचारायला हवं होतं, पण डायरी थोडीच आहे, सगळे पॅकेट न् पोर्ट. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी, आणि मध्येच कोपऱ्यात 'बाबांना विचारणे' असं लिहिलेलं. ते कधी विचारलंस आणि कधी राहिलं हे काही कळायला मार्ग नाही.

एक पान आपल्या घरचंच निघालं. आठवतंय, गुगल उघडायचं, मेल यायचे, पण आजीच्या पेन्शनची बँक काही उघडायची नाही, पान अर्धं यायचं आणि ते गोल फिरत राहायचं. कस्टमर केअरवाला ठासून सांगत होता की बँकेचीच साइट डाउन आहे. तू कॉलेजातून आलीस, पाठीवरची सॅकही न काढता लॅपटॉप घेऊन बसलीस आणि त्या काळ्या खिडकीत पिंग लावून, म्हणजे डेटाचं चाचणीचं पॅकेट पाठवून, त्याच्या बाइटांचा आकडा कमी कमी करत गेलीस. १४७२ जाईना. १४६४ गेला. १४६५ परत अडला. तिथेच हसलीस. मला वाटलं झालं काय हिला. रजिस्टरात लिहिलंयस: १४६४ अधिक पत्त्याबित्त्याचे २८ म्हणजे १४९२, इथरनेटचे १५०० आणि त्यातले ८ बाइट पीपीपीओई, म्हणजे लाइनवर लॉगिन करायची ती पद्धत, खातं. बँकेकडून १५०० चं भरगच्च पॅकेट निघतं, आपल्या लाइनच्या तोंडाशी मावत नाही, 'मोठं आहे, लहान कर' हा निरोप उलटा जायला हवा तो वाटेत कुठल्यातरी फायरवॉलने अडवलेला, आणि बँकेचा सर्व्हर बिचारा तेच पॅकेट परत परत पाठवत बसलेला. लहान पॅकेटं जातात म्हणून लाइन चालू दिसते. नव्या राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे समोरच्याला आधीच लहान पॅकेट पाठवायला सांगायची सोय, बंद होतं, तू ते चालू केलंस आणि बँक उघडली.

मी टेलिफोन खात्यात आयुष्यभर फॉल्टच काढले गं. पण आमचा फॉल्ट म्हणजे लाइन डेड, नाहीतर खरखर, नाहीतर शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येतंय. लाइन धडधडीत चालू आहे, रिंग जाते, आवाज येतो आणि तरी फॉल्ट आहे, हे प्रकरण मला नवीन होतं. आता तू म्हणशील बाबा हे कुठे नेणार ते कळलं. नाही नेत.

पहिल्या रजिस्टराच्या पहिल्याच पानावर ऑक्टोबर १९८६ लिहिलंयस आणि खाली दोन रेघा मारल्यात. लॉरेन्स बर्कली लॅबमधून बर्कली विद्यापीठापर्यंत, अंतर म्हणजे चारशे यार्ड, सेकंदाला ३२ हजार बिट जायचे ते ४० बिटांवर आले. चाळीस! ज्याला त्याला पोच मिळेना म्हणून जो तो तेच परत पाठवतोय, त्या परत पाठवलेल्यानेच रस्ता तुंबतोय, म्हणून पोच आणखी मिळत नाहीये. मग तो व्हॅन जेकबसन, १९८८ चा त्याचा पेपर, की सुरुवात बेताने कर, हळूहळू वाढव, आणि एखादं पॅकेट हरवलं तर समज की पुढे गर्दी आहे आणि स्वतःहून हात आखडता घे. मला यातलं काय आवडलं सांगू, तारा त्याच, दोन टोकांची मशीनं शहाणी झाली आणि काम झालं. आमच्या खात्यात लाइनी भरल्या की एकच उत्तर, खणा रस्ता टाका नवीन केबल.

आणि त्या बफरब्लोटचं पान. ते तर तू मला जाण्याआधी समजावलं होतंस, मामा लग्नाचे फोटो अपलोड करायचा आणि तुझा व्हिडिओ कॉल तुटायचा तेव्हा. राउटरमध्ये जागा भरपूर, त्यामुळे पॅकेट टाकूनच देत नाही, सगळी पोटात साठवतो, मग पाठवणाऱ्याला गर्दी झालीये हे कळतच नाही. जिम गेटिसला २०१० च्या सुमारास हे त्याच्या घरीच सापडलं ना? आणि २०१२ चं ते कोडेल, कॅथलीन निकोल्स आणि परत तोच जेकबसन, की रांगेत किती उभे आहेत ते मोजू नका, किती वेळ उभे आहेत ते मोजा, पाच मिलिसेकंदांच्या वर सतत गेलं की टाका काढून. तू म्हणाली होतीस, बाबा, ठाणे स्टेशनला रिक्षाच्या लाइनीत आपण माणसं मोजतो का, लाइन सरकतेय का ते बघतो. हे मी पाठककाकांना सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, नेटवर्किंग म्हणजे वायरी ओढायचं काम ना, त्याला जर्मनीला कशाला जायला लागतं. मी म्हटलं वायरी मी ओढल्या, आता पुढचं ती बघते. त्यानंतर ते मुकाट्याने मिसळ खात बसले.

तुला बाराखडीच्या आधी रंग येत होते. पांढरा लाल काळा पिवळा जांभळा, निळा नारिंगी हिरवा तपकिरी राखाडी, पंचवीस पेअरची, म्हणजे पंचवीस जोड्यांची, टेलिफोनची केबल पाच न् पाच रंगांत बसते, आणि तू ते आंघोळ करताना ओरडायचीस. त्या केबलमधली जेली हाताला लागली की घासलेट लावल्याशिवाय निघायची नाही, आणि तू माझा हात हुंगून सांगायचीस आज बाबा खड्ड्यात होते की ऑफिसात. पुढे तू पहिल्यांदा लॅन केबल क्रिम्प केलीस, म्हणजे तिच्या टोकाला प्लग बसवलास, नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी, आणि चिडून विचारलंस की हिरव्या जोडीच्या मध्ये निळी कशाला घुसवलीये. तेव्हा तुझ्या या बापानेच सांगितलं होतं की मधली निळी जोडी म्हणजे फोनची लाइन, फोनची पिन मधोमध बसते, पुढची जोडी तिच्या दोन अंगांना. ते तुझ्या रजिस्टरात आहे बरं का, आणि समोर कंसात 'बाबा'. ते पान मी आईला दाखवलं. आईने चष्मा लावून बघितलं आणि काही बोलली नाही, नुसती पोळ्या लाटायला गेली.

आता ते रविवारचं. तू म्हणालीस, तुम्ही नाही का जागलात, २००५ च्या पावसात आठवडेच्या आठवडे घरी नव्हतात. बरोबर आहे. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, केबलचे खड्डे भरले, जुन्या कागदी केबली तर पाणी शिरल्या शिरल्या गेल्या, आणि आम्ही कोपरीपासून कळव्यापर्यंत एकेक जॉइंट उघडत फिरत होतो. रात्र रात्र. तू तेव्हा लहान होतीस, तुला वाटायचं बाबा पावसातच राहतात. पण सायू, खड्ड्यावरच्या त्या तंबूत आम्ही चौघं असायचो. एक जॉइंट करायचा, एक पेअर बोलायचा, एक पंप बघायचा, एक जाऊन चहा आणायचा, आणि कोणाचा डोळा लागला तर बाकीचे शिव्या घालून त्याला टेम्पोत झोपवायचे. डोकं चालेनासं झालं की ते दुसऱ्याच्या आधी लक्षात येतं, आपल्याला नाही येत. तुझ्या त्या लॅबमध्ये पहाटे तीनला कोण असतं? तू म्हणालीस सर्व्हर असतात. ते तू गमतीत म्हणालीस. मला नाही हसू आलं.

तू जागतेस याचं तेवढं नाही. एकटी जागतेस. अप्पाकाकाचंही असंच सुरू झालं होतं, आधी कामाचं निमित्त होतं, मग सवय झाली, मग... जाऊ दे. तुला सगळं माहीत आहे, आणि तू अप्पाकाका नाहीस हेही मला माहीत आहे. तेव्हा आपण सगळे रोज फोन करत होतो आणि रोज ठीक आहे असंच उत्तर येत होतं.

बघ, केलंच ना भाषण. माफ कर. आईला हे वाचून दाखवणार नाही.

पण आता काढलंच आहे तर सांगून टाकतो, थीसिसची तारीख पुढे ढकलता येते का ते विचार तुझ्या प्रोफेसरांना, विचारायला काय जातं, आणि टेस्ट लावून देऊन घरी जाता येतं ना, आकडे तर मशीनच लिहितं, तू शेजारी बसून त्याचा वेग वाढतो का? आमच्याकडेही नवी पोरं अशीच मीटरला डोळे लावून बसायची. रात्री कोणी दुसरं असेल तेव्हाच थांबायचं असा काहीतरी नियम कर. ती केरळची मुलगी, जिच्याबरोबर तू सांबार केलं होतंस, तिचं काय चाललंय, तीही थीसिसच करते ना? तिच्याबरोबर बस. नसेल जमत तर नसेल. तुमच्या कामातलं मला सगळं कळतं असं नाही. तू तिथे स्वतःच्या मार्कांवर गेलीस, लोनचा फॉर्म स्वतः भरलास, व्हिसासाठी व्हीएफएसच्या लाइनीत स्वतः उभी राहिलीस, मी फक्त बॅगा उचलल्या. इतकी मोठी मुलगी, तिला झोप म्हणून काय सांगायचं. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याला काय करू.

तुझ्या रजिस्टरात ते बॅकऑफ आहे, की पोच आली नाही तर लगेच परत पाठवायचं नाही, दर वेळी दुप्पट थांबायचं. तसं करायचं ठरवलंय. फोन उचलला नाहीस तर पाच मिनिटांनी, मग दहा, मग वीस. आई म्हणते वीसपर्यंत तुम्ही पोचणारच नाही, दहाच्या आतच शेजारच्या खोलीतून तिच्या फोनवरून लावाल. तो दुसरा नंबर आहे, त्याला हा नियम लागू होत नाही असं माझं मत आहे. पेपरात काय लिहिलंय ते तू बघ.

कुलकर्णींचा मुलगा डिसेंबरमध्ये फ्रँकफर्टला जातोय, त्याच्याबरोबर मेतकूट, लसणाची चटणी आणि तुझा तो जुना स्वेटर देतोय. मेतकूट भातावर खायचं असतं, नुसतं चमच्याने नव्हे. भात कर. कुकर पाठवला होता तो खोक्यातच आहे असं आई म्हणते, फोटोत मागे दिसतो.

आणि एक कामाचं. सोसायटीत सगळ्यांना फायबर होतंय, शनिवारी माणूस येणार आहे आणि तो जुनी तांब्याची लाइन काढून नेणार. काढू दे की राहू दे? माझा जीव काही अडकलेला नाही त्यात, तुझ्या डब्याला लागणार असेल तर सांग. तो स्वतःचा राउटर लावतो म्हणत होता, मी म्हटलं आमचा आहे, तुझा नुसता ब्रिज मोडवर ठेव, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देईल, तर माझ्याकडे बघतच राहिला. फायबरवरही पीपीपीओईच आहे म्हणाला, म्हणजे १४९२ चा घोळ परत होईल का? आणि तुझ्या डब्याची वायर नव्या राउटरमध्ये कुठल्याही पोर्टला चालेल की पहिल्यालाच पाहिजे, ते शुक्रवारच्या आत कळव. दिवसा कळव.

तुझा,
बाबा