माइक घ्यायचाय? आधी पंचावन्न ते साठ मोजून बघा

संपादक महाशय, स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत घरच्या घरी गाणं आणि अकॉस्टिक गिटार रेकॉर्ड करायला कुठला माइक घ्यावा यावर पानभर लेख आलाय. बघून आधी बरं वाटलं, असल्या विषयाला मराठी पेपरात अख्खं पान मिळतंय म्हणून, पण दुसऱ्यांदा वाचला तेव्हा राहवेना. मी काही साउंड इंजिनियर नाही, गाते, गिटार वाजवते आणि सात-आठ वर्षं घरातल्या एका खोलीत स्वतःच रेकॉर्डिंग करतेय, त्यामुळे निदान चुकांच्या बाबतीत तरी माझा अनुभव दांडगा आहे.

लेखात दहा माइक एकाखाली एक मांडून त्यांना नंबर दिलेत. नंबर कशावरून दिले? आवाज कोणाचा होता, गिटार कुठली, तोंडापासून माइक किती लांब, खोली कशी, काहीच नाही. हे म्हणजे पायाचं माप न घेता सगळ्यात चांगली चप्पल कुठली ते सांगण्यातला प्रकार झाला.

माझा पहिला कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा स्टुडिओ माइक) मी असाच एक नंबरवाला घेतला होता. नेटवर त्याचा डेमो ऐकला, एका खर्जातल्या पुरुषी आवाजात, काय मस्त वाटत होता, प्रत्येक शब्द सुटा सुटा आणि वर एक चकाकी. माझा आवाज पातळ, वरच्या पट्टीतला. घरी आणून पहिला टेक घेतला आणि हेडफोन लावले तर 'सांज' मधला स कानात सुई टोचल्यासारखा, 'चांदणं' मधला च म्हणजे कोणीतरी फटाक्याची वात पेटवतंय असं. डेमोत त्या जाड आवाजाला जी चकाकी शोभत होती तीच माझ्या आवाजाला बोचत होती. माइक बिघडलाय असं समजून मी परत करायला निघाले होते, पण त्यात काही बिघडलेलं नव्हतं, तो तसाच बनवलेला होता.

का ते पुढे कळलं. न्यूमन या जर्मन कंपनीचे यू ६७ आणि यू ८७ हे स्टुडिओतले नावाजलेले माइक, यातला यू ८७ हा १९६७ चा. त्यांची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग, वरचे बारीक सूर मुळातच उठावदार करते आणि तो उठाव खाली दाबणारं सर्किट आत बसवलेलं असतं, दोन्ही मिळून आवाज सरळ होतो. स्वस्तातले बरेच माइक त्याच धाटणीची कॅप्सूल घेतात पण मागे ते दाबणारं सर्किटच ठेवत नाहीत, मग ८-१० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी बारीक सुरांत, आवाजाचा डोंगर उभा राहतो. मराठीत स, श, च, छ यांचा सुळसुळाट किती आहे बघा, आणि त्यांची सळसळ साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते, म्हणजे नेमकी त्या डोंगराच्या पायथ्याशी.

म्हणून माझी एक घरगुती टेस्ट आहे. कुठलाही माइक हातात आला की गाण्याआधी मी त्यासमोर पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न असं साठपर्यंत मोजते. प ने माइक फुटतो का, छ आणि स टोचतात का, 'साठ' ला शेपूट उरते का, दहा सेकंदात सगळं कळतं. मग फळ, भात, बाभूळ असे दोन-चार शब्द, कारण फ-भ मध्ये हवेचा झोत सगळ्यात जास्त. झोतासाठी पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी) लावाच, पण माइक नाकाच्या उंचीवर ठेवून थोडा तिरका केला तर निम्मं काम फिल्टरशिवायच होतं, हे मला कोणी सांगितलंच नाही, तीन फिल्टर बदलून झाल्यावर आपोआप समजलं.

आता लेखातल्या दोन गोष्टी चक्क चुकलेल्या आहेत त्या सांगते. एक म्हणजे '४८ व्होल्टमुळे आवाज दमदार येतो'. नाही येत. ४८ व्होल्टची फँटम पॉवर म्हणजे कंडेन्सरच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स चालवायला केबलमधूनच पाठवलेली वीज, ती नसेल तर तो बोलतच नाही, एवढंच. हा आकडासुद्धा आवाजाच्या हिशेबाने ठरलेला नाही बरं का, १९६६ मध्ये न्यूमनने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ बनवला तेव्हा तिथे इमर्जन्सी दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती, तीच वापरली आणि मग जगभर तेच पडलं. साध्या डायनॅमिक माइकला (स्टेजवर हातात धरतात तसा, विजेशिवाय चालणारा) तिचा उपयोग नाही आणि नीट केबल असेल तर त्रासही नाही. जुन्या रिबन माइकला मात्र जपून, केबल खराब असेल तर आवाज पकडणारी आतली धातूची पातळ पट्टी जाऊ शकते.

दुसरी चूक, 'खोली खराब असेल तर कंडेन्सर नको, डायनॅमिक घ्या, तो खोली पकडत नाही'. हे सगळेच म्हणतात, मीही म्हणायचे. पण माइकला काय माहीत समोरून आलेला आवाज कुठला आणि भिंतीवरून आपटून आलेला कुठला? दोन्ही माइक कार्डिऑइड (समोरचं ऐकणारे, मागचं जवळजवळ न ऐकणारे) असतील आणि दोन्ही तोंडापासून तेवढ्याच अंतरावर असतील तर खोलीचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. डायनॅमिक वरचे बारीक आवाज कमी घेतो म्हणून प्रतिध्वनी कमी जाणवतो, आणि मुख्य म्हणजे आपण त्याला ओठाला लावून गातो. खरी जादू अंतराची आहे, अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आहे तेवढाच राहतो. फार जवळ गेलं तर कार्डिऑइडमध्ये खालचे सूर फुगतात आणि आवाज उगाच भरदार होतो तो भाग वेगळा, माझ्यासारख्या पातळ आवाजाला तो थोडा हवासाच वाटतो. मी साधारण एक वीत अंतर ठेवते आणि मागे कपड्यांचं उघडं कपाट आणि एक जाड रजई. रजई माइकच्या मागे नाही, माझ्या मागे, कारण कार्डिऑइड मागचं ऐकतच नाही, तो माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे तोंड करून उभा असतो. हे एवढं साधं पण अर्धे लोक माइकच्या मागे फोम चिकटवत बसतात.

डायनॅमिकला मी कमी लेखत नाही हां. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ चा, एसएम ५८ १९६६ चा, अजून हटत नाहीत. एसएम ७ तर १९७३ पासून चाललाय आणि स सुईसारखा टोचणाऱ्यांना त्याचा आजचा भाऊ एसएम ७ बी खरंच औषधासारखा लागू पडतो. फक्त त्याला कमीत कमी ६० डेसिबल गेन (माइकचा बारीक आवाज मोठा करून घेणं) लागतो, छोट्या इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) तेवढा देताना धाप लागते आणि हळू गाणं असेल तर मागे सूं ऐकू यायला लागतं. लेखात हा माइक चौथ्या नंबरवर आहे आणि गेनबद्दल एक ओळ नाही, कोणीतरी घेऊन येईल आणि वाटेल आवाजच येत नाही.

सेल्फ नॉइज हा रकाना तर तक्त्यात नाहीच, आणि गिटारवाल्यांसाठी खरं तर तोच बघायचा. काही वाजत नसताना माइक स्वतः किती सुस्कारे टाकतो तो आकडा. रोड कंपनीचा एनटी १-ए ५ डीबीए (कानाच्या हिशेबाने मोजलेले डेसिबल), न्यूमनचा टीएलएम १०३ ७ डीबीए, त्यांचाच छोटा केएम १८४ १३ डीबीए. यातला ५ आणि ७ चा फरक घरात कोणाच्या बापाला कळणार नाही, त्यावर भांडू नका, पण आकडा २० च्या वर गेला की बोटांनी हळुवार वाजवलेल्या गिटारमागे ती सळसळ ऐकू येते.

गिटारबद्दल लेखात दोनच वाक्यं आहेत आणि त्यातलं एक 'माइक साउंडहोलसमोर ठेवावा' असं. अहो, तिथूनच तर हवा भसाभस बाहेर येते, खोक्याचा स्वतःचा घुमार साधारण १०० हर्ट्झला असतो आणि माइक भोकासमोर ठेवला की तारा बाजूला राहतात आणि डबा वाजतो. बाराव्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी), एक फूटभर लांब, तोंड किंचित भोकाकडे वळवलेलं, इथून सुरुवात करा. मग एका कानाला बोट घालून दुसरा कान गिटारभोवती फिरवत जा (वाजवायला दुसरं कोणी पाहिजे, मी धाकट्या भावाला बसवते, तो वैतागतो), जिथे कानाला गोड लागेल तिथे माइक. चार बोटं इकडेतिकडे सरकवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा एक नंबर आणि पाच नंबरच्या माइकमध्ये मला तरी ऐकू आलेला नाही.

गिटारला छोट्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणारा आतला पडदा), पेन्सिलसारखा कंडेन्सर जास्त खरा वाटतो, तारेवर नखीचा पहिला टणत्कार तो बरोबर उचलतो. गळ्याला एक इंचाचा मोठा डायफ्रॅम शोभतो. पण एकच घेणार असाल तर मोठ्या डायफ्रॅमचा, कमी सेल्फ नॉइजचा आणि वरून न टोचणारा कंडेन्सर घ्या, गिटार त्यावर छान येते, उलटं करायला गेलं तर गाताना पेन्सिल माइक प-फ ला लगेच फुटतो.

आणि गाता-गाता वाजवणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, दोन माइक लावले की सगळं बरोबर होतं या भ्रमात राहू नये. माझा आवाज गिटारच्या माइकमध्येही शिरतो, थोडा उशिरा. ३४ सेंटीमीटर जास्त लांब असेल तर साधारण एक मिलिसेकंद उशीर, तेवढ्याने दोन्ही ट्रॅक मिसळले की ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ असे मधले मधले सूर एकमेकांना खातात आणि आवाज नळातून आल्यासारखा पोकळ होतो. फिगर एट पॅटर्न असलेले माइक यासाठी सोन्यासारखे, ते पुढून-मागून ऐकतात आणि बरोबर बाजूने जवळजवळ बहिरे असतात, गळ्याच्या माइकची बहिरी बाजू गिटारकडे आणि गिटारच्या माइकची तोंडाकडे करायची. तसे नसतील तर एकच माइक हनुवटी आणि गिटारच्या मधोमध, दोन फुटांवर, आणि बॅलन्स स्वतःच्या गळ्याने आणि हाताने करायचा. माझे सगळ्यात आवडते टेक असेच आलेत.

तेव्हा पुढच्या वेळी यादी छापलीत तर नंबर नाही दिले तरी चालतील, पण सेल्फ नॉइज, पॅटर्न आणि किती गेन लागतो हे तीन रकाने तेवढे छापा.

आणि हो, लेखाबरोबरचा फोटो. गायिका माइकच्या वरच्या टोकाकडे तोंड करून, डोळे मिटून गातेय. स्टेजवरच्या माइकमध्ये तसं चालतं, पण फोटोतला माइक बाजूने ऐकणारा आहे, तो समोरून, म्हणजे बहुतेक कंपन्यांचा लोगो असतो त्या बाजूने ऐकतो, रोडच्या एनटी १-ए वर तर त्यासाठी सोनेरी ठिपका दिलेला असतो. हसू नका, पहिले दोन आठवडे मीही माझ्या माइकच्या टाळूवर गात होते आणि आवाज एवढा लांबून का येतोय म्हणून गेन वाढवत होते.

आपली,
एक वाचक