दादाच्या गोळ्यांबद्दल

वहिनी, सा.न.वि.वि.

परवा फोनवर आई शेजारीच बसलेली, मोकळं बोलता आलं नाही, म्हणून लिहून पाठवतेय. दादालाही वाचून दाखवा.

मणक्याला मार लागल्यापासूनचं त्याचं पायाचं दुखणं मनाचं नाहीये हो. चिमटा काढला तरी कळत नाही मग पायाची आग कुठून होते असं काका म्हणाले ना, तर मणक्यातली मुख्य नसच दुखावलीय, तिथूनच चुकीचे सिग्नल मेंदूला जातात, बेल शॉर्ट झाली की दारात कुणी नसतानाही वाजत राहते तसं. मणक्याला मार लागलेल्या साधारण निम्म्या लोकांना हा त्रास होतो. क्रोसिन-कॉम्बिफ्लामने तो जात नाही, उगाच पोट बिघडेल.

स्ट्रिपचा फोटो बघितला, प्रेगाबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम एकाच गोळीत आहे. प्रेगाबालिन फिटवरही देतात, मणक्याच्या या दुखण्यासाठी अमेरिकेत २०१२ला त्याला मंजुरी मिळाली. नॉरट्रिप्टिलिन डिप्रेशनचं म्हणून तुम्ही घाबरलात, पण एवढ्या छोट्या डोसमध्ये ते नसेच्या दुखण्यासाठीच असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, लघवी अडते, आणि दादाला पोट-लघवीचा आधीच वैताग. जोडगोळी मला म्हणूनच आवडत नाही, एकाचा डोस वाढवला की दुसऱ्याचाही वाढतो. वेगवेगळ्या देता येतील का ते डॉक्टरांना विचारा, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केली होती तेही, कारण प्रेगाबालिन किडनीवाटे बाहेर पडतं.

चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, प्रेगाबालिन दिवसाला १५० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत जास्तीत जास्त ६०० पर्यंत नेतात. बंदही एकदम करायची नाही हां, झोप उडते, घाम सुटतो, कधी फिटसुद्धा येते. सुरुवातीला गरगरतं, तेव्हा खाटेवरून व्हीलचेअरवर घेताना कुणीतरी धरा.

मेडिकलवाला ओळखीचा म्हणून चिठ्ठीशिवाय देतो ते मला अजिबात पटत नाही. इथे इंग्लंडमध्ये २०१९पासून प्रेगाबालिन कंट्रोल्ड ड्रग, म्हणजे कायद्याने नियंत्रित औषध आहे, आमच्या फार्मसीत चिठ्ठीशिवाय एक गोळी हलत नाही. ट्रामाडॉल (दुखण्यावरची कडक गोळी) किंवा दारू सोबत गेली तर श्वास मंदावतो, आणि शिमग्याला त्याचे मित्र जमले की काय होतं ते मला माहितीय.

आग अचानक वाढली तर आधी कॅथेटर (लघवीची नळी) तुंबलाय का, पोट साफ झालंय का, कंबरेखाली कुठे जखम आहे का ते बघा, डोस नंतर. दोन्ही पाय सुजले तर गोळीमुळे असू शकतं, डॉक्टरांच्या कानावर घाला, पण एकच पाय सुजला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रक्ताची गाठ असू शकते.

पूर्ण जाईल अशी आशा लावू नका, दहातलं आठ दुखणं पाचवर आलं आणि रात्री झोप लागली तरी गोळी लागू पडली म्हणायची. क्रिएटिनिनचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाका, आईला नमस्कार.

तुमची,
ताई