कोर्टाचा कारकून नेमायचा कोणी?

संपादक महोदय,

मुंबईच्या न्यायालयाचा इतिहास सांगताना मोरो रघुनाथ प्रकरण हमखास येते. पुण्याच्या या मुलासाठी न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट यांनी काढलेल्या हेबियस कॉर्पसच्या (ताब्यातील व्यक्तीला कोर्टापुढे हजर करण्याच्या) हुकमाची अंमलबजावणी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी होऊ दिली नाही, आणि ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये चक्क मुंबईचे तेव्हाचे सुप्रीम कोर्टच बंद केले. प्रसंग नाट्यमय आहे यात शंका नाही. पण तेवढाच सांगितल्यामुळे सरकारचे आणि कोर्टाचे प्रथम बिनसले ते अधिकारक्षेत्राच्या, म्हणजे कोर्टाचा हुकूम मुंबईबाहेर चालतो का या प्रश्नावर, असा समज होतो. माझ्या मते बिघाड पाच-सहा वर्षे आधीच कोर्टाच्या कचेरीत सुरू झाला होता.

सर एडवर्ड वेस्ट १८२३ मध्ये रेकॉर्डर, म्हणजे सुप्रीम कोर्टापूर्वीच्या कोर्टाचे न्यायाधीश, म्हणून मुंबईत आले. त्या काळी कोर्टाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची मुख्य मिळकत पक्षकारांकडून येणाऱ्या फीमधून होत असे, त्यामुळे ही पदे जवळजवळ वतनांसारखी झाली होती. एकाच असामीकडे एकाहून अधिक पदे असत आणि दाव्याचे कागद वाढले की मिळकतही वाढे. वेस्ट यांनी नेमका येथेच हात घातला. मास्टर इन इक्विटी या कोर्टाच्या वरिष्ठ अधिकारपदावरील विल्यम अर्स्किन यांच्यावर फीच्या आकारणीतील गैरप्रकारांचा ठपका ठेवून त्यांनी त्यांना दूर केले. अर्स्किन हे फारसीचे नामांकित अभ्यासक, पूर्वीचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांचे जावई आणि खुद्द गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे स्नेही होते. साहजिकच शहरातील गोऱ्या समाजाची सहानुभूती त्यांच्या बाजूला गेली आणि वेस्ट एकाकी पडले. आरोपात तथ्य किती होते याबद्दल मतभेद असू शकतात. मात्र मे १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट सुरू झाले आणि वेस्टच त्याचे पहिले सरन्यायाधीश झाले, तेव्हा गव्हर्नरचे कौन्सिल आणि कोर्ट यांच्यातील मने आधीच कलुषित होती. १८२८ मध्ये वेस्ट आणि चेंबर्स हे दोन न्यायाधीश काही आठवड्यांच्या अंतराने वारले आणि ग्रँट एकटेच उरले, ते या पार्श्वभूमीवर.

असे वाद केवळ स्वभावांमुळे होत नव्हते, कोर्टे स्थापन करणाऱ्या सनदांच्या रचनेतच त्यांना जागा ठेवलेली होती. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाच्या १७७४ च्या सनदेनुसार कर्मचारी नेमायचे न्यायाधीशांनी, त्यांचा पगार ठरवायचाही त्यांनीच, पण तो मंजूर करायचा गव्हर्नर जनरल आणि त्यांच्या कौन्सिलने. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर तरी ही गाठ सुटायला हवी होती. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या १८६२ च्या लेटर्स पेटंटमधील (स्थापनेच्या सनदेतील) आठवे कलम काढून पाहावे : मुख्य न्यायाधीशांनी कारकून नेमावेत, मात्र गव्हर्नर-इन-कौन्सिलच्या नियमांच्या अधीन राहून, आणि पगारालाही सरकारची संमती हवीच. त्याच वर्षी सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती (कंपनीची वरिष्ठ अपील न्यायालये) उच्च न्यायालयात एकत्र झाल्या, पण दप्तरे काही एक झाली नाहीत. दावे थेट दाखल होतात त्या मूळ शाखेचे दप्तर प्रोथोनोटरी या अधिकाऱ्याकडे राहिले, अपील शाखेचे रजिस्ट्रारकडे. ही दुहेरी व्यवस्था आजही कायम आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२९ ने नेमणुकीचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींना दिला आणि न्यायालयाचा प्रशासकीय खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित केला (म्हणजे त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही), ही सुधारणा मोठीच आहे. तरीही वेतन, भत्ते, रजा आणि निवृत्तिवेतन यांविषयीच्या नियमांना राज्यपालांची मान्यता लागतेच, म्हणजे १७७४ चा धागा पूर्ण तुटलेला नाही.

न्यायालयांच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिकांत न्यायमूर्तींची तैलचित्रे असतात, आस्थापनेचा इतिहास नसतो. मुंबईतील पुराभिलेख संचालनालयात न्याय खात्याचे जुने खंड जतन केलेले आहेत. विधी महाविद्यालयांनी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना नेमणुका, फी आणि पगार यांवरील पत्रव्यवहाराकडे वळवावे, आणि त्यातून जे हाती लागेल त्याला आपल्या दैनिकाने जागा द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक