विषय: सही जुळत नाही म्हणून वैद्यकीय रेकॉर्ड अडवून ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, रुग्णसेवा व वैद्यकीय अभिलेख विभाग,
मुख्य कार्यालय, बेंगळूर
(बेळगाव शाखेच्या कारभाराबाबत)

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसले. याआधी इंग्रजीत ईमेल पाठवला, काउंटरवरचा कन्नड-इंग्रजी छापील फॉर्म भरला. दोन्हींचं काय झालं ते तुमच्या सिस्टीममध्ये असेलच. आता मराठीत लिहिते आहे, कारण एवढा राग मला दुसऱ्या भाषेत नीट मांडता येत नाही. बेळगावात शाखा काढली आहे तर वाचून सांगणारं कोणीतरी सापडेल तुम्हाला.

यूएचआयडी (तुम्ही रुग्णाला दिलेला ओळख क्रमांक) आणि आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक) सोबतच्या पावतीवर आहेत. ते पुन्हा विचारू नका.

मागणी साधी आहे: माझ्या यजमानांच्या आयपी फाइलची साक्षांकित प्रत, त्यात ऑपरेशन नोट, ऑपरेशनच्या आधीचे व नंतरचे एक्स-रे आणि पुढे फॉलोअपला केलेल्या नर्व्ह टेस्टचा रिपोर्ट. डिस्चार्ज समरी आमच्याकडे आहे, ती दरवेळी पुढे करू नका. तिच्यात हाताबद्दल दीड ओळ आहे आणि काय खावं, काय खाऊ नये याबद्दल अर्धं पान.

कागद कशाला हवेत, हे तुमच्या प्रत्येक माणसाने मला विचारलं. खरं तर रुग्णाने ते सांगायची गरज नाही, पण सांगते. माझे यजमान उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. रात्रपाळीत उजवा हात प्रेसखाली सापडला. फोरमनने टेम्पोत घालून तुमच्या कॅज्युअल्टीत आणलं, कारण तुम्ही जवळ होता. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची दोन-दोन पेरं गेली. अनामिका आणि करंगळी तुमच्या सर्जननी वाचवली. त्या डॉक्टरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे ठळक लिहून ठेवा. त्यांनी मध्यरात्री येऊन तळहातातल्या तुटलेल्या टेंडन आणि नर्व्ह जोडल्या, आणि नंतर मला कागदावर हात काढून समजावलंही, की बोटं राहतील पण वळतील याची खात्री देत नाही. तसंच झालं. बोटं दिसायला आहेत. चहाचा कप धरायला नाहीत.

ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, मेडिकल बोर्डाने टेबलापलीकडून हात पाहिला आणि कायमचं अपंगत्व 20 टक्के लिहिलं. ईएसआयच्या 1948 च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तर्जनीच्या दोन पेरांना 11 आणि मधल्या बोटाच्या दोन पेरांना 9 टक्के आहेत, ती बेरीज. उरलेल्या दोन बोटांचा हिशेबच नाही, कारण ती जागेवर आहेत ना! पण त्याच परिशिष्टाखाली टीप आहे, की अवयव शाबूत असला तरी त्याचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर तो गेलाच असं धरायचं. अनामिकेला 7, करंगळीला 7. म्हणजे 34. पेन्शन पगाराच्या 90 टक्क्यांवर या टक्केवारीने ठरते. पगार 15,000 धरला तर 20 टक्क्यांनी महिन्याला ढोबळ 2,700 रुपये आणि 34 टक्क्यांनी 4,590. हा फरक एका महिन्याचा नाही, जन्मभराचा आहे. आम्ही तीन महिन्यांच्या मुदतीत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे अपील केलं आणि आता सुनावणीची नोटीस हातात आहे. वकील एकच गोष्ट मागतात: ऑपरेशन नोट. बोटं का वळत नाहीत हे ज्या कागदावर लिहिलंय, तो कागद. तो तुमच्या कपाटात आहे.

आता तुमच्या सेवेबद्दल.

आधी काउंटरवर सांगितलं, फाइल स्कॅनिंगला गेली आहे. मग सांगितलं, आली आहे, पण बेंगळूरची मंजुरी लागेल. मग फी भरायला लावली. भरली. त्यानंतर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "वैनी, सही मॅच होईना की ओ. आमच्या हातात काय नाही बघा." त्याच्यावर माझा राग नाही, तो बिचारा आपल्याकडचाच पोरगा, वरून आलेलं सांगतो. त्याने पॅनकार्डाची झेरॉक्स आणि आमचा अर्ज शेजारी शेजारी ठेवून दाखवला. पॅनकार्डावर यजमानांची अपघाताआधीची सही, उजव्या हाताची, शेवटी लांब शेपूट ओढलेली. अर्जावर डाव्या हाताची, पहिलीतल्या पोरासारखी. जुळणार कशी?

म्हटलं, वर बोलू. तुमच्या नंबरवर फोन लावला. कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. तीन दाबलं. तुमच्या जाहिरातीचं संगीत ऐकलं, "आपका स्वास्थ्य हमारी प्राथमिकता" ऐकलं, मग एक बाई आल्या. आवाज फार गोड. मी सगळं सांगितलं: प्रेस, बोटं, ऑपरेशन, सुनावणी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅम, रिक्वेस्ट रिजेक्ट हुई है, सिग्नेचर मिसमॅच." मी म्हटलं, उजव्या हाताची बोटं गेली आहेत, तुमच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालंय, फाइल उघडून बघा. कीबोर्डचा आवाज आला. म्हणजे फाइल उघडली असावी. मग म्हणाल्या, "मॅम, पेशंट से वैसे ही साइन करवाइए जैसे पहले करते थे."

जैसे पहले करते थे.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी त्याच गोड आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि वर जोडलं, "ये आपकी ही सेफ्टी के लिए है." मी विचारलं, बाई, ज्या हाताने सही करायची त्या हाताची फाइल तुमच्यासमोर आहे ना? त्या म्हणाल्या, पॉलिसी आहे. मी म्हटलं, तुमच्या सुपरवायझरना द्या. त्या म्हणाल्या, तेही हेच सांगतील. मग पर्याय सुचवला: यजमानांचा अंगठा आणि त्यावर नोटरी. आयटीआय झालेला, वीस वर्षं ड्रॉइंग वाचून डाय बसवणारा माणूस, त्याला तुम्ही अंगठेबहाद्दर केलंत. यजमान शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता. ते उठून बाहेर गेले. शेवटी बाईंनी विचारलं, आजच्या संवादाला पाचपैकी किती गुण द्याल.

आणि सही सहीच म्हणत असाल तर दाखल करतानाच्या संमतीपत्रावर सही कोणाची आहे ते पाहा. माझी आहे. ऑपरेशन करायला, भूल द्यायला, रक्त चढवायला माझी सही चालली. बिलावरही माझीच चालली, तेव्हा तुम्हाला कसलाही मिसमॅच दिसला नाही. झेरॉक्स द्यायला मात्र चालत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट आहे: रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं, तर 72 तासांत द्यायचं. हा नियम डॉक्टरांसाठी आहे, कंपनीसाठी नाही, असं कुणी सुचवायच्या आत सांगते, तुमच्या मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या दारावर डॉक्टर म्हणूनच पाटी आहे. आणि तुमच्या कॅज्युअल्टीतच रुग्णहक्कांची सनद फ्रेम करून लावली आहे, हार घातलेला नाही एवढंच. फीसुद्धा भरून झाली आहे. अर्ज नाकारला पण फी परत केली नाही, नव्या अर्जाला नवी फी लागेल म्हणाले. नाकारायचीही फी घेता का तुम्ही?

तुमचं हॉस्पिटल झालं तेव्हा आमच्या गल्लीत लोक म्हणाले, बरं झालं, आता मोठ्या दुखण्याला मिरजेला पळायला नको. मिरजेच्या जुन्या डॉक्टरांकडे आमच्या सासऱ्यांचे कागद पिवळे पडेपर्यंत जपलेले होते, मागितले तसे दिले. तुमच्याकडे काचेची दारं आहेत, टोकन मशीन आहे, कॉफी मशीन आहे.

पुढचं नीट वाचा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये, ग्राहकाला हवी असलेली माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. तुमच्या झेरॉक्सपेक्षा ते स्वस्त पडतं. कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्याखाली जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेलं तक्रार प्राधिकरणही आहे, तिथला अर्ज लिहून तयार आहे. सुनावणीत ऑपरेशन नोट नसल्यामुळे टक्के वाढले नाहीत, तर ते नुकसान मी तुमच्या नावावर मांडणार, महिन्याच्या हिशेबाने.

सोबत फीची पावती, नामंजुरीचा मेसेज, सुनावणीची नोटीस, यजमानांचं डाव्या हाताने सही केलेलं अधिकारपत्र आणि माझं आधार जोडलं आहे. हे पत्र पोचल्यापासून 72 तासांत प्रती तयार ठेवा. मी बेळगावच्या काउंटरवर येऊन घेईन. पुन्हा फी मागू नका, पुन्हा सही मागू नका, आणि त्या बाईंना मला फोन करायला लावू नका.

रुग्णाची पत्नी,
मजगाव, बेळगाव