ऊसबिलाला बाराने भागू नका

मा. संपादक,

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यात घरोघरी वह्या उघडतात आणि बहुतेकांचा हिशेब एकाच जागी चुकतो. कारखान्याकडून आलेले उसाचे बिल वर्षाचे उत्पन्न धरले जाते. खरे तर ते पुढचे बिल येईपर्यंतचे असते. डिसेंबरात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक) तुटला आणि त्याच रानात जुलैत आडसाली ऊस लावला, तर तो तुटायला 16 ते 18 महिने लागतात. म्हणजे त्या रानाचे पुढचे बिल दोन वर्षांनी! बाराने भागणाऱ्याचे पैसे दुसऱ्या पावसाळ्याआधीच संपतात. मग सोनेतारण, नाहीतर शेकडा 3 ची खासगी उचल. ते व्याज महिन्याचे असते, वर्षाला 36 टक्के.

दोन एकर खोडवा, एकरी 40 टन, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 3,000 रुपये धरले, तर 2,40,000 होतात. त्यातून गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज, समजा 1,00,000, आधी फेडावे. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर 7 टक्के आहे, पण मुदतीत भरल्यास केंद्राची 3 टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तो शून्यावर येतो. मुदत चुकली की सवलत जाते. उरलेल्या 1,40,000 मधून नांगरट, बेणे आणि लागणीच्या खताचे 60,000 बाजूला काढावेत, म्हणजे नवे कर्ज हाती पडायला उशीर झाला तरी लागण अडत नाही. राहिले 80,000. चोविसाने भागा: महिन्याला 3,333 रुपये. आकडा लहान वाटतो, पण खरा तोच आहे. रोजचे घर दुधाच्या बिलावर चालवायचे, तेही पेंडीचे पैसे वजा करून, हे इथेच ठरते. गाडीचा हप्ता या 3,333 मध्ये बसत नसेल तर गाडी घेऊ नये.

80,000 एका ठेवीत अडकवू नयेत. मुदतीआधी मोडली तर व्याज कापले जाते. दहा-दहा हजारांचे 8 भाग करावेत: एक बचत खात्यात, बाकीचे 3, 6, 9 असे 21 महिन्यांपर्यंतच्या मुदतीने. लागणीच्या 60,000 ची मुदत जूनमध्ये संपेल अशी ठेवावी. बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला तो नाही. दर जास्त दिसला तरी हे विसरू नये.

ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याजासह. तरीही कुणाला शब्द देताना पंधरावा दिवस धरू नये. बिलाचा दुसरा हप्ता तर खात्यावर पडेपर्यंत वहीत लिहूच नये.

जिल्हा बँकांना विनंती आहे की, बिले जमा होण्याच्या आठवड्यातच अशा तुकड्यांतील ठेवींचे अर्ज काउंटरवर ठेवावेत आणि मुदतीच्या तारखा शेतकऱ्याच्या लागणीप्रमाणे भरून द्याव्यात.

– एक वाचक, जि. सांगली