चाळिशीनंतरची उडालेली झोप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली दोन वर्षे पहाटे तीनच्या सुमारास मला दरदरून घाम फुटून जाग येते. डिसेंबरात घरातले सगळे दुलई ओढून झोपलेले असतात आणि मी पंखा लावून बसलेली असते. माझे वय ४७. पाळी अजून पूर्ण गेलेली नसल्याने या त्रासाचा तिच्याशी संबंध असेल असे मला वाटले नाही, आणि ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनीही पाळीविषयी काही न विचारता ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. परंतु संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) चढउतार त्याआधी काही वर्षे सुरू झालेले असतात. दर महिन्याला स्त्रीबीज सुटेनासे झाले की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कमी पडते, आणि मेंदूला शांतवणारे एक द्रव्य त्याच्यापासूनच तयार होते. इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक घटू लागले की शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र इतके हळवे होते की अंगातील उष्णता किंचित वाढली तरी घाम फुटतो आणि झोप मोडते. झोपेच्या गोळीने हे मूळ कारण दूर होत नाही. शिवाय या वयात अतिरक्तस्रावामुळे लोह कमी होऊन रात्री पाय अस्वस्थ होऊ शकतात; काहींचे थायरॉईड बिघडते, तर काहींचा घोरताना श्वास अडखळतो. तेही तपासायला हवे.

संप्रेरक उपचारांची, म्हणजे कमी पडलेली संप्रेरके औषधातून देण्याची, धास्ती २००२ मधील अमेरिकी अभ्यासानंतर पसरली. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय मात्र ६३ होते. साठीच्या आतील, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला जास्त त्रास होत असेल, तर जोखमीपेक्षा फायदा सहसा अधिक असतो असे तज्ज्ञ आज मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना हे उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी, खरे तर सर्वांसाठीच, झोपेच्या सवयी व विचार बदलणारी समुपदेशन-पद्धती उपयोगी ठरते.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनाही हाच त्रास आहे, आणि रात्रभर तळमळून त्या सकाळी सहाला पहिल्या घरी हजर असतात. खासगी तज्ज्ञाची फी त्यांना परवडणारी नाही. म्हणून पुणे महापालिकेला विनंती आहे की, आपल्या दवाखान्यांत चाळिशीपुढील प्रत्येक स्त्रीच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख आणि झोपेची तक्रार शेजारी शेजारी नोंदवावी.

– एक शिक्षिका, कोथरूड, पुणे